आजारपणातही स्वयंपाक आणि परसबाग बंद करू नका

"डॉक्टर, आईला आता स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकू देत नाही आम्ही." असे वाक्य मी दवाखान्यात वारंवार ऐकतो. सांगणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि थोडा अभिमानही असतो. मोठ्या आजाराचे निदान झाले की बहुतेक घरांत आधी रुग्णाच्या हातातले काम काढून घेतले जाते. स्वयंपाक बंद, झाडांना पाणी घालणे बंद, "तुम्ही फक्त आराम करा."

काही वर्षांपूर्वी अशाच एक ६८ वर्षांच्या आजी तपासणीसाठी आल्या. हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी झाली होती. इको आणि रक्ताचे रिपोर्ट समाधानकारक होते, औषधेही वेळेवर चालू होती. तरी तीन महिन्यांत वजन उतरले होते, भूक नव्हती आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागत होता. शेवटी मी विचारले, "आजी, दिवसभर काय करता?" त्या म्हणाल्या, "काही नाही. बसते. करू देत नाहीत ना काही." शेजारी बसलेल्या सुनेचे डोळे भरून आले. तिने सगळे प्रेमापोटीच केले होते. त्या दिवशी गोळ्यांच्या यादीखाली मी लिहून दिले: सकाळी भाजी निवडणे, संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालणे. पुढच्या तपासणीला आजी चालत आल्या आणि मेथीच्या मुटक्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मीठ कमीच घातलंय."

आराम कुठे संपतो आणि निष्क्रियता कुठे सुरू होते, हे प्रत्येक घराने समजून घ्यायला हवे. त्यासाठी हा लेख आहे.

थोडक्यात

- बहुतेक जुनाट आजारांत स्वयंपाक आणि बागकाम पूर्ण बंद करण्याची गरज नसते. कामाची पद्धत आणि प्रमाण बदलावे लागते.
- उतारवयात हालचाल थांबली की स्नायूंची ताकद झपाट्याने कमी होते. ती परत मिळवायला बराच काळ लागतो.
- काही आजारांत आणि काही औषधांबरोबर विशेष काळजी लागते. ती पुढे आजारानुसार दिली आहे.
- परसातली भाजी औषधांना पूरक आहे. ती औषधांची जागा घेऊ शकत नाही.

या कामांचा शरीराला काय उपयोग होतो?

*हालचाल होते.* जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. माती उकरणे, तण काढणे, झारीने पाणी घालणे ही कामे बहुतेकांसाठी मध्यम व्यायामात मोडतात. ओळखण्याची सोपी खूण अशी की काम करताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. स्वयंपाक त्यापेक्षा हलका असला तरी उभे राहणे, वळणे, फडताळातला डबा काढणे, कणीक मळणे यातून पाय, खांदे आणि हाताची पकड वापरात राहते.

*मीठ आणि तेल हातात राहते.* दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा. त्यात पापड, लोणचे, फरसाण आणि बिस्किटांतले मीठही धरायचे. बाहेरच्या जेवणात किती मीठ पडले हे आपल्याला कळत नाही. घरी ते मोजता येते.

*भूक लागते.* वाढते वय आणि काही औषधे यांमुळे चव आणि वास कमी जाणवू लागतात. मग "जेवण मचमचीत लागत नाही" ही तक्रार सुरू होते. फोडणीचा वास आणि स्वतः केलेल्या पदार्थाची उत्सुकता यामुळे अनेक रुग्ण चार घास जास्त जेवतात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

*दिवसाला आकार येतो.* काल पेरलेले आज उगवले का, हे बघायला सकाळी उठावेसे वाटते. घरात आपली गरज आहे, ही भावना आजारी माणसाला फार हवी असते.

मात्र कुंडीतल्या चार पानांनी रक्तदाब किंवा साखर बरी होत नाही. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने कमी करू नका.

सुरुवात कशी करावी? तीन पायऱ्या

रुग्णालयातून घरी आल्यावर काम कधी सुरू करायचे हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. परवानगी मिळाली की असे पुढे जा:

१. बसून करायची कामे: पालेभाजी निवडणे, लसूण किंवा मटार सोलणे, गवार मोडणे, रोपांची पिवळी पाने काढणे. सुरुवातीला १० ते १५ मिनिटे पुरेत.

२. थोडे उभे राहून करायची कामे: फोडणी देणे, कुकर लावणे, कोशिंबीर करणे, अर्ध्या भरलेल्या झारीने पाणी घालणे. ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवा.

३. ताकदीची कामे: पोळ्या करणे, कुंडी भरणे, वाफा खणणे. मागच्या पायऱ्या आठवडाभर न थकता जमल्या तरच इकडे या.

काम करताना छातीत दुखणे किंवा दडपण येणे, दम लागणे, चक्कर येणे, धडधडणे किंवा दरदरून घाम येणे यापैकी काहीही झाले तर लगेच काम थांबवा आणि बसा. छातीतले दुखणे किंवा दडपण काही मिनिटांत थांबले नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नका.

जागा नसली तरी चार कुंड्या

अंगण नसेल तर बाल्कनीत किंवा खिडकीच्या कठड्यात चार कुंड्या बसतात. दिवसातून चार-पाच तास ऊन येईल अशी जागा बघा.

- मेथी: स्वयंपाकघरातले मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पेरता येतात. तीन-चार आठवड्यांत भाजी काढता येते.
- कोथिंबीर: धणे हलके रगडून दोन भाग करून पेरावेत. अख्खा धणा उशिरा आणि विरळ उगवतो.
- पुदिना: बाजारातून आणलेल्या जुडीतली जाड काडी पाण्यात ठेवली की मुळे फुटतात.
- लसणाची पात: कोंब आलेली पाकळी मातीत खोचली की पात येते.

या चौघांची निवड मुद्दाम केली आहे. मीठ कमी केल्यावर जेवण अळणी लागते, ही रक्तदाबाच्या रुग्णांची मोठी तक्रार असते. लिंबू, आले, कोथिंबीर, पुदिना आणि लसणाची पात हाताशी असली की कमी मिठातही चव येते. दोन-तीन आठवडे नेटाने कमी मीठ खाल्ले की जिभेलाही सवय होते.

आजारानुसार कोणते बदल करावेत?

*उच्च रक्तदाब आणि हृदयविकार.* पाण्याने भरलेली बादली, मोठी कुंडी, गॅस सिलिंडर उचलू नका. बायपास झाली असेल तर छातीचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण ६ ते १२ आठवडे, जड वजन उचलणे, ढकलणे आणि ओढणे टाळावे लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे वाकून एकदम उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून खाली वाकण्याऐवजी कुंड्या कट्ट्यावर ठेवा आणि उठताना सावकाश उठा. दुपारच्या उन्हात काम करू नका. बाजारात मिळणाऱ्या 'कमी सोडियम'च्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असतील तर ते धोकादायक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

*मधुमेह.* बागेत अनवाणी जाऊ नका. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळल्यावर लक्षात येते. पूर्ण बंद चपला किंवा बूट घाला, घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा किंवा विंचू नाही ना ते बघा, आणि काम झाल्यावर पायाचे तळवे तपासा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेऊन उपाशीपोटी बागेत राबू नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हात थरथरणे, घाम येणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. कारले आणि मेथी भाजी म्हणून जरूर खा, पण त्यांच्या भरवशावर गोळी सोडू नका.

*मूत्रपिंडाचा आजार.* "घरचे आहे, ताजे आहे" म्हणून सगळे चालते असे नाही. रक्तात पोटॅशियम वाढलेले असेल तर पालक, टोमॅटो, बटाटा, शेवग्याचा पाला आणि नारळपाणी यांवर मर्यादा येते. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियम कमी होते. प्रत्येक मूत्रपिंडरुग्णाला हे पथ्य लागतेच असेही नाही. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील.

*रक्त पातळ करणारी औषधे.* वॉरफेरिन किंवा एसिनोकुमारॉल चालू असेल तर पालेभाज्यांतल्या 'के' जीवनसत्त्वाचा औषधावर परिणाम होतो. पालेभाजी बंद करू नका, पण प्रमाण सारखे ठेवा. परसात पालक भरपूर आला म्हणून आठवडाभर रोज आणि पुढचे दोन आठवडे अजिबात नाही, असे केल्याने आयएनआर वरखाली होतो. बागेत हातमोजे घाला, कारण छोट्या जखमेतूनही रक्त जास्त वेळ येते.

*गुडघेदुखी आणि सांधेदुखी.* विळीवर बसून चिरण्याऐवजी ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर सुरी वापरा. कणीक थोडी थोडी मळा. उकिडवे बसून खुरपणी करू नका. कमरेच्या उंचीवर कुंड्या ठेवा आणि खुर्ची जवळ घ्या. दर वीस मिनिटांनी काम बदला.

*पक्षाघात.* कणीक मळणे, वाटाण्याच्या शेंगा सोलणे, कुंडीत बी टोचणे हे हाताच्या बोटांसाठी चांगले व्यायाम आहेत. फिजिओथेरपिस्टला विचारून ते रोजच्या व्यायामात बसवा. कमजोर हाताने गरम भांडे धरू देऊ नका. त्या हाताला चटका बसलेला कळतही नाही.

*स्मृतिभ्रंश.* गॅसचे काम एकट्याने करू देऊ नका, पण "तुला आता काही जमत नाही" असे म्हणून सगळेच काढून घेऊ नका. आयुष्यभर केलेली हातांची कामे पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. तांदूळ निवडणे, कोथिंबीर खुडणे, झाडांना पाणी घालणे यात ही माणसे शांत होतात. झाडाला दोनदा पाणी घातले म्हणून रागावू नका.

*कर्करोगाचे उपचार किंवा प्रत्यारोपण.* प्रतिकारशक्ती कमी असते तेव्हा माती, कंपोस्ट आणि सडलेल्या पानांतल्या बुरशीमुळे फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. या काळात मातीकाम आणि खत हाताळणे टाळा. खिडकीतून झाडे बघा आणि काय लावायचे ते नातवंडांना सांगा.

*मोतीबिंदूची शस्त्रक्रिया.* डोळ्यात धूळ, माती, धूर किंवा तिखट जाऊ नये म्हणून डॉक्टर सांगतील तितके आठवडे फोडणी आणि बागकाम थांबवा.

स्वयंपाकघर आणि बागेतले धोके

कडू दुधी. परसातला दुधी, दोडका किंवा काकडी कडू लागली तर थुंकून टाका आणि सगळी भाजी फेकून द्या. कडूपणा ज्या कुकुरबिटासिन नावाच्या घटकामुळे येतो, तो शिजवल्यानेही जात नाही. कच्च्या दुधीचा रस "औषधी आहे" म्हणून कडू असूनही पिणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. रस प्यायचाच असेल तर आधी तुकडा चाखून बघा. त्रास झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठा.

भाजणे. भाजलेला भाग लगेच २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप लावू नका. स्वयंपाक करताना नायलॉनची साडी किंवा ओढणी टाळा.

साचलेले पाणी. डेंग्यूचे डास कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यातही वाढतात. आठवड्यातून एकदा सगळी ताटे आणि बादल्या रिकाम्या करून घासा आणि कोरड्या करा.

मातीतली जखम. साबण आणि पाण्याने नीट धुवा. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन ५ वर्षे उलटली असतील तर डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असताना चिखलात उतरू नका.

साप. पालापाचोळ्याचा आणि लाकडांचा ढीग घरालगत ठेवू नका. अंधारात बागेत जाताना विजेरी घ्या. साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्या. सर्पदंशावरील प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.

विषारी झाडे आणि औषधे. कण्हेर, बिट्टी, धोतरा, मोगली एरंड ही झाडे परिसरात असतील तर लहान मुलांना त्यांच्या बिया आणि फळांपासून दूर ठेवा. फवारणीचे औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. घरच्या चार कुंड्यांना त्याची सहसा गरजच नसते.

घरच्यांसाठी चार गोष्टी

- काम काढून घेण्याआधी रुग्णाला विचारा, "यातले काय तुम्हाला करायला आवडेल?" उत्तर बहुधा छोटे असते. एखाद्याला फक्त रविवारची आमटी करायची असते.
- पुरुषांनाही हे लागू आहे. निवृत्त वडिलांना चहा करायला आणि कोथिंबीर पेरायला शिकवा. शिकायला उशीर झालेला नसतो.
- उलट चूकही करू नका. वर्षानुवर्षे एकटीनेच स्वयंपाक करून थकलेल्या बाईवर "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणून सगळे काम परत टाकू नका. ज्या कामात तिला आनंद आहे तेवढेच तिचे. बाकीचे घराने वाटून घ्यायचे.
- चूक झाली तर सांभाळून घ्या. भाजी करपली तरी चालेल, उद्या पुन्हा करता येईल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*घरच्या भाजीवर औषध मारलेले नसते. मग धुवावी लागते का?*
हो. मातीत जंतू आणि जंतांची अंडी असू शकतात. वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. कच्ची खायची पाने जास्त काळजीने धुवा. सांडपाणी भाजीला घालू नका.

*अळू खाल्ले की घसा खाजतो. हे चालते का?*
अळूत ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात, त्यामुळे खाज सुटते. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवल्यावर ती कमी होते. ऑक्झलेटचा मुतखडा झालेल्यांनी अळू आणि पालक यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

*अ‍ॅनिमियासाठी पालेभाजी पुरेशी आहे का?*
मदत होते, पण हिमोग्लोबिन बरेच कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा टाळा. लोह चांगले शोषले जाईल.

*पूर्वी आवडायचे ते काहीच करावेसे वाटत नाही. काय करावे?*
मन उदास राहणे, झोप उडणे आणि कशातच रस नसणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर ते नैराश्य असू शकते. तो आळस नाही. मोठ्या आजारानंतर हे बऱ्याच जणांना होते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

पुढच्या तपासणीला जाताना

डॉक्टरांना फक्त "काय बंद करू?" असे विचारू नका. "मी घरात कोणती कामे करू शकतो, किती वेळ आणि कधीपासून?" हेही विचारा. उत्तर औषधांच्या कागदावर लिहून घ्या आणि घरच्यांना दाखवा. मग संध्याकाळी मूठभर मेथीदाणे भिजत घाला.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.*